ढोलकीवर कोणाचा हात?

कामाचे अनुभव लिहायला माणूस निवृत्त झालेला असावा लागतो, अशी दिवाळी अंकांची समजूत दिसते. निदान केस तरी पिकलेले असावेत. मी एकतीस वर्षांची आहे, केस काळे आहेत, आणि कामशेतच्या बाजारातून स्टेशनकडे वळताना लागणारं माझं दुकान रोज सकाळी दहाला उघडतं. तरीही लिहिते आहे. एक तर माझ्या धंद्यातली माणसं निवृत्त होईपर्यंत हा धंदा टिकेल याची खात्री नाही. आणि दुसरं, एका प्रकरणात माझं चुकलं, जाहीर चुकलं. जाहीर चुकलेलं जाहीर लिहावं, असं मी इतरांना नेहमी सांगत आले आहे.

माझं काम म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या लोकांचे फोटो कापून, एकावर एक रचून त्यांचं एक मोठं चित्र करणं. दुकानाच्या पाटीवर ‘ग्राफिक डिझाइन’ लिहिलंय, पण गिऱ्हाईक मला ‘फोटो जोडणारी’ म्हणतं. तेच जास्त बरोबर आहे. भजनी मंडळं, गायन पार्ट्या, बँजोवाले, लग्नाचे बँड, शिरगावच्या देवळात सेवेला जाणारे पेटी-तबलेवाले, सगळे माझ्याकडे येतात. मी बौद्ध घरातली, देव मानत नाही. पण देवापुढची पेटी तिच्या भात्याच्या घडीन् घडीसकट नीट कापते, आणि भजनवाल्यांना तेवढं पुरतं.

बाहेरच्या माणसाला हे काम कसं चालतं ते सांगते. समजा, वीस-पंचवीस काचा एकावर एक ठेवल्यात. तळाच्या काचेवर आकाश, तिच्यावरच्या काचेवर डोंगर, मग पेटी, मग पेटीवाला, मग गायक, सर्वांत वर अक्षरं. वरून बघणाऱ्याला एकच चित्र दिसतं. यातली प्रत्येक काच म्हणजे एक लेअर. कॉम्प्युटरवर प्रत्येक लेअरसमोर एक छोटा डोळा असतो. तो मिटला की ती काच दिसेनाशी होते, पण असते जागेवरच. एखादी काच धुरकट करता येते, म्हणजे गायकाच्या छातीतून तंबोरा उमटल्यासारखा दिसतो. लोकांना हे फार आवडतं. तंबोऱ्याच्या तारा एकेक करून कापायला बसा, म्हणजे ते ‘फार आवडणं’ बोटांना किती महागात पडतं ते कळेल.

मी हे कुठल्या क्लासात शिकले नाही. कॉलेजात असताना डोंगरावरच्या एका बंगलेवाल्यानं आमच्या बायकांची झऱ्याकडे जाणारी पायवाट तारेचं कुंपण घालून अडवली. त्याविरुद्ध पत्रक काढायचं होतं आणि ते करायला कोणी नव्हतं, म्हणून मी बसले. पत्रकानं मला दोन गोष्टी शिकवल्या. चालत्या माणसाला चार पावलांत मुद्दा कळला पाहिजे, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव कागदावर आलंच पाहिजे. पायवाट मोकळी झाली. माझ्या हाताला कॉम्प्युटर लागला तो लागलाच.

पत्रकातून आल्यामुळे या धंद्याच्या रीती मला पहिल्या दिवसापासून खुपल्या. गायन पार्टीचा कुठलाही बॅनर बघा. गायक वडाच्या झाडाएवढा. ढोलकीवाला त्याच्या गुडघ्याएवढा. कोरसच्या बायका तळाला ओळीनं, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. आणि वर गोल चौकटींत पुढाऱ्यांची डोकी, ज्यांनी जन्मात टाळीसुद्धा तालात वाजवली नाही. मी नियम केला की माझ्याकडे सगळी डोकी एका मापाची. चक्क पट्टी लावून. यावरून भांडणं होतात. एक भजनी बुवा हात आपटून म्हणाले, “ताई, मी मुख्य गायक आहे.”

मी म्हटलं, “मान्य. पण बुवा, तुमचं डोकं खरंच पेटीवाल्याच्या चौपट आहे का?”

पेटीवाला शेजारीच बसला होता. तो म्हणाला, “आहे तसं.” बुवाही हसले आणि काम मिळालं.

दुसरा नियम धंद्याचाच आहे, माझा नव्हे. कडेला बसवलेल्या माणसाचं तोंड आतल्या बाजूला हवं. बाहेर तोंड करून बसवलं, तर बघणाऱ्याची नजर त्याच्याबरोबर चित्राबाहेर जाते, आणि तो माणूस बिचारा रुसून उठून चालल्यासारखा दिसतो. हा नियम लक्षात ठेवा.

सुरांची ती इंग्रजी चिन्हं, काळ्या बेडकीच्या पिलांसारखी, शेपट्या वर करून पाच तारांवर बसलेली, ती प्रत्येक गिऱ्हाइकाला हवीच असतात. एकालाही वाचता येत नाहीत. मी विचारते, “यातून तुमचं कुठलं गाणं निघतं?” उत्तर येतं, “असू द्या हो, भारी दिसतं.” हल्ली तर लोक मोबाईलमधून तयार चित्रंच घेऊन येतात. मशीनला सांगायचं, ‘गाण्याचं चित्र दे’, की झालं. परवा एकानं आणलेल्या चित्रात पेटीवाल्याला एका हाताला सात बोटं होती. मी म्हटलं, “याला तुमच्या पार्टीत घ्या, दुसऱ्या पेटीवाल्याची गरज नाही.”

आणि लोणावळ्याचा एक बंगलेवाला. त्याला गाण्याच्या खोलीसाठी भिंतभर चित्र हवं होतं, गिटारी आणि त्यांच्यात विरघळणाऱ्या भात लावणाऱ्या बायका. फोटो त्यानं गाडीच्या काचेतून काढलेले. वाकलेल्या बायका, त्यांतली एक तोंड उघडून गातेय.

“यांची नावं काय?” मी विचारलं.

“नावं कशाला? छान टेक्स्चर येईल.”

मी सांगितलं, नावं आणा, खाली छापू, मग करू. तो पुन्हा आला नाही. मला जराही वाईट वाटलं नाही. आमच्या बायका कोणाच्या भिंतीचं टेक्स्चर नाहीत. कोणाचं नाव गाळू देणार नाही, ही माझी ऐट होती, अजून आहे. आता ऐका मी काय केलं ते.

आमच्या विहाराचं नवं सभागृह बांधून झालं. समोरच्या भिंतीवर जुन्या गायन पार्टीचं चित्र लावायचं ठरलं. ही पार्टी गंगारामदादांची. कर्जतपासून जुन्नरपर्यंत जयंत्या गाजवलेली. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची मुलगी सुनंदाताई कामशेतात शिवणकाम करतात. त्यांच्या ट्रंकेत पार्टीचे फोटो होते, आणि कोण कुठलं याची यादी त्यांनी स्वतः वहीच्या पानावर लिहून दिली. दादा, पेटीवाला, कोरसच्या तिघी बायका, खंजिरीवाला. ढोलकीवर ‘तुळशीराम आबा, कुरवंडे’.

पार्टीतले हयात असलेले एकटे हेच. ऐंशीच्या पुढचे, ताठ, दोन्ही कानांनी कमी ऐकणारे. आबा हातानं डावरे. ढोलकीचं शाईचं, म्हणजे काळ्या लेपाचं, बारीक तोंड, ज्यावर बोटं नाचवायची, ते सगळे उजव्या हाताशी धरतात. आबा डाव्या हाताशी धरायचे. लहानपणी त्यासाठी मार खाल्ला, नंतर त्यासाठीच लोक बघायला यायचे. आबांचा वाजवतानाचा फोटो सगळ्या ट्रंकेत एकच निघाला. त्यात त्यांनी मान खाली घातलेली, टोपीची सावली तोंडभर पडलेली. दिसतात ती फक्त हनुवटी, सदरा आणि ढोलकीवरचे दोन हात.

मी सगळ्यांना कापलं, एका मापाचं केलं आणि दादांच्या दोन्ही बाजूंना बसवलं. बारा फूट बाय सहा फूट. सांगायला लाज नाही, माझ्या हातून इतकं चांगलं चित्र आधी झालं नव्हतं. दादांच्या वर केलेल्या हातापासून पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पायऱ्यांसारख्या मागच्या डोंगरावर चढत गेलेल्या. बेडकीचं पिलू एकही नाही. खाली प्रत्येकाचं नाव, सारख्याच आकाराच्या अक्षरांत.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पडदा सरकला, टाळ्या झाल्या. आबा पुढच्या खुर्चीवर होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि डाव्या कडेला बोट दाखवलं. “आबा, तुम्ही.”

ते उठून भिंतीपाशी गेले. बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, “ह्यो मी व्हय?”

“तुम्हीच की. खाली नाव बघा.”

“नाव हाय. पण हात माजा न्हाई.”

तेवढ्यात मागून संजय आला. हा तळेगावच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, विहाराच्या समितीवर आहे, आणि त्याचे वडील बबनमास्तर आबांच्यानंतर काही वर्षं याच पार्टीत ढोलकी वाजवायचे. तेही आता नाहीत. संजयनं चित्राकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आबा डावरे आहेत हे सगळ्या मावळाला माहीत आहे. हा माणूस उजव्या हातानं वाजवतोय. म्हणजे हे माझे वडील आहेत. नाव चुकलंय.”

मी म्हटलं, “यादी सुनंदाताईंची आहे.”

“ताईंचं वय काय होतं तेव्हा? आठ? नऊ? हात बघा ना, हात.”

सगळ्यांनी हात बघितले. शाईचं तोंड उजव्या हाताशी होतं. वाद घालायला जागाच नव्हती. समितीच्या अध्यक्षांनी आबांनाच विचारलं. आबा पुन्हा एकदा चित्राकडे बघून म्हणाले, “सदरा माजा वाटतो. पण हात न्हाई. माजंच काय तरी चुकत आसंल. आता ध्यानात ऱ्हात न्हाई.” आणि खुर्चीवर जाऊन बसले. जेवायलाही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नावावर कागदाची पट्टी चिकटली. ढोलकी : बबनमास्तर.

माझं डोकं फिरलं. ज्याच्या हातात गाडी, ज्याची समितीत उठबस, त्यानं भर सभेत एका म्हाताऱ्याचं नाव पुसलं, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. मला जे येतं तेच मी केलं. पत्रक काढलं. मथळा मोठा, ठळक : ‘आबांच्या हातावर डल्ला’. खाली संजयचं नाव घेऊन लिहिलं की, वडिलांची आठवण हवी असेल तर स्वतःच्या घरात शोधावी, दुसऱ्याच्या आयुष्यातून उचलू नये. दुपारपर्यंत ते तालुक्यातल्या निम्म्या मोबाईलवर फिरलं आणि विहाराच्या फाटकावरही लागलं. मला फोन येत होते, ‘बरं झालं लिहिलंस’. मला बरं वाटत होतं. हे नमूद करते.

सुनंदाताई तिसऱ्या दिवशी दुकानात आल्या. हातात कोणाचा तरी अर्धा शिवलेला ब्लाऊज, टाचण्या लावलेला. बसल्या. म्हणाल्या, “पत्रक वाचलं. लय कडक लिहिलंस.”

“खोटं आहे का काही?”

“ते नाही म्हणत. मी आठ वर्षांची असले तरी तिथं होते. आबाच होते ते. पण पोरी, हात उजवाच दिसतो ना? मला तीन दिवस झोप नाही. तो फोटो जरा मोठा करून दाखव.”

मी फाइल उघडली. आबा पडद्यावर मोठे केले, टोपीपासून कमरेपर्यंत. ताईंनी चष्मा लावला, पण हातांकडे बघितलंच नाही. त्या सदऱ्याकडे बघत होत्या.

“ह्याचा खिसा उजवीकडं कसा?” त्या म्हणाल्या.

“असेल तसा शिवलेला.”

“सदऱ्याला एक खिसा असला तर तो डाव्या बाजूला असतो. आणि ही बटणपट्टी बघ. पुरुषाच्या सदऱ्याची डावी बाजू वर येते. ही उजवी वर आलीय. अशी पट्टी आम्ही बायकांच्या कपड्याला काढतो.” मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “सदरा उलटा नाही शिवलेला. माणूस उलटा झालाय.”

आणखी बघायची गरजही नव्हती, मला आठवलंच. माझी एक सवय आहे, प्रत्येक फोटोची न कापलेली प्रत मी तळाच्या लेअरला ठेवते, डोळा मिटून. तो डोळा उघडला. तोच माणूस, तीच टोपी, तीच ढोलकी. खिसा डावीकडे. शाईचं तोंड डाव्या हाताशी. आणि तोंड चित्राच्या बाहेरच्या बाजूला.

आबा डाव्या कडेला बसले होते आणि बाहेर बघत होते. म्हणून मी त्यांना आडवं उलटं केलं होतं. आरशात दिसावं तसं. माझ्या धंद्यात हे दिवसातून दहा वेळा होतं. एक टिचकी. फुलाचं करा, डोंगराचं करा, कोणाचं काही बिघडत नाही. ज्याच्या आयुष्यभराची ओळखच त्याच्या डाव्या हातात आहे, त्याचंही मी तेच केलं. का, तर चित्राचा तोल साधावा म्हणून.

ताई ब्लाऊजची घडी घालत म्हणाल्या, “चूक सगळ्यांच्याच हातून होते. मी एकीच्या दोन्ही बाह्या डाव्याच लावल्यात. उसवता येतं.”

“पत्रक कसं उसवायचं, ताई?”

“ते तू बघ. तू लिहिणारी.”

मी लिहिलं. वर्तमानपत्रं पहिल्या पानावर आरोप छापतात आणि माफी आतल्या पानात मुंगीच्या अक्षरांत, यावर मी स्वतः दोनदा पत्रकं काढली आहेत. त्यामुळे पळवाट नव्हती. तोच कागद, तेवढाच मथळा, तेवढीच जाड अक्षरं : ‘डल्ला मी मारला’. खाली काय केलं ते चार ओळींत, आणि संजयची माफी, नाव घेऊन. या खेपेला ‘बरं झालं लिहिलंस’ असे फोन आले नाहीत. एकानं फक्त हसण्याचं चिन्ह पाठवलं. तो लोणावळ्याचा बंगलेवाला असेल असं मला उगाच वाटलं. माझ्याकडे त्याचा नंबरही नाही.

त्याआधी मी आणि ताई कुरवंड्याला गेलो. आबा ओट्यावर बसून दोरी वळत होते. मी मोबाईलवर आधी उलटा फोटो दाखवला, मग सरळ. कानाशी तोंड नेऊन सांगितलं, “आबा, मी तुम्हाला फिरवलं होतं. चूक माझी. तुमचा हातच होता तो.”

त्यांनी मोबाईल हातात घेतला. सरळ फोटो बघितला. मग पुन्हा उलटा दाखव म्हणाले. मग पुन्हा सरळ.

“म्हंजी मला भरम न्हाई झाला,” ते म्हणाले.

“नाही आबा.”

“मी घरी सुनंला म्हनलो, डोकं गेलं माजं. उद्या तुला बी वळखनार न्हाई.” मी काहीतरी बोलायला गेले, तर हात वर करून थांबवलं. “आदी च्या घ्या,” म्हणाले.

मी लिहिते त्यातलं बरंचसं रागानं लिहिते आणि राग ही वाईट गोष्ट आहे असं मला आजही वाटत नाही. पायवाट रागानंच मोकळी झाली. पण मी संजयवर रागावले होते तेव्हा तिकडे कुरवंड्यात एक म्हातारा माणूस स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा सोडत होता, आणि ते संजयमुळे नव्हतं.

रविवारी सकाळी सभागृहात समिती बसली. आबांना आम्ही रिक्षानं आणलं. संजय भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. मी सरळ केलेला फोटो छापून आणला होता, तो दाखवला.

तो म्हणाला, “ताई, तुम्हाला कॉम्प्युटरवर माणूस इकडचा तिकडे करता येतो, हे तुम्हीच लिहिलंत. मग आज तुम्ही डावा करून आणला नाही हे कशावरून?”

बरोबर प्रश्न होता. एकदा खोटं छापलेल्या माणसाला ‘विश्वास ठेवा’ म्हणायचा हक्क राहत नाही. उत्तर सुनंदाताईंकडे होतं. त्यांनी पिशवीतून मूळ फोटो काढला, ट्रंकेतला, कोपरे खाल्लेला, आणि संजयच्या हातात दिला. आबांच्या पाठीमागे पार्टीचा कापडी फलक होता. मी आबांना कापताना तो काढून टाकला होता.

“वाच,” ताई म्हणाल्या.

संजयनं वाचलं. गंगारामदादांचं नाव, खाली ‘आणि पार्टी’. अक्षरं सरळ होती. माणूस उलटा असता तर अक्षरंही उलटी असती.

मला वाटलं होतं आता तो चिडेल किंवा निघून जाईल, आणि खरं सांगते, दोन्हींची माझी तयारी होती. तो म्हणाला, “मला खरंच वडील वाटले. माझ्याकडे त्यांचा वाजवतानाचा एकही फोटो नाही. रेशनकार्डावरचा आहे तेवढाच.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमच्याकडे तो उलटा केलेला माणूस अजून आहे ना?”

“फाइलमध्ये आहे.”

“त्याचं डोकं तसंही दिसत नाही. त्याच्यावर माझ्या वडिलांचं डोकं बसवा. उजवा हात आहेच. दुसऱ्या कडेला बसवा. आबा इकडे, ते तिकडे. तुमचं तर पाच मिनिटांचं काम.”

पाच मिनिटांचंही नव्हतं. माझ्या धंद्यात असली कामं रोज होतात. गेलेल्या आजोबांना नातवाच्या लग्नात उभं करतात, आणि ते बघून घर रडतं, त्यात मला काही गैर वाटत नाही, कारण घराला माहीत असतं. मी आबांकडे बघितलं. ताईंनी त्यांच्या कानात सगळं सांगितलं.

आबा म्हणाले, “लाव की. काय बिघडतंय? बबन्या चांगला वाजवायचा. माज्या अंगावर बसला तर बसू दे.”

सगळे माझ्याकडे बघत होते. होकार दिला असता तर सगळं गोड झालं असतं. मी म्हटलं, “नाही आबा. पंचवीस वर्षांनी कोणी बघेल तेव्हा तुम्हीही नसाल आणि मीही इथं नसेन. मग कोणीतरी म्हणेल, हे बबनमास्तरांचे हात. ते त्यांचे नाहीत. एकदा तुमचे हात मी फिरवले. आता ते दुसऱ्याला देणार नाही.” मग संजयला विचारलं, “मास्तरांची ढोलकी आहे का घरी?”

“माळ्यावर आहे.”

“तिचा फोटो लावू. त्यांच्या रेशनकार्डावरच्या फोटोशेजारी. शाईवर बोटं कुठं पडायची ते तिच्यावर दिसत असेल. तेवढं खरं असेल.”

संजयला ते पटलं असं नाही. पण तो गेला आणि घर जवळच असल्यानं अर्ध्या तासात ढोलकी घेऊन आला. चादरीत गुंडाळलेली. चादर सोडली तर धूळ निघाली आणि वास निघाला. शाई मधोमध झिजून करडी पडली होती. मी तिला खिडकीजवळ ठेवून फोटो काढले, ती होती तशी, शाईचं तोंड ज्या बाजूला होतं त्या बाजूला. संजय वाकून त्या झिजलेल्या जागेकडे बघत होता. त्यानं तिथं स्वतःची बोटं ठेवून बघितली.

आबा म्हणाले, “आन हिकडं.”

संजयनं ढोलकी त्यांच्या मांडीवर ठेवली. आबांनी ती उचलली, फिरवली आणि शाईचं तोंड डाव्या हाताशी घेतलं.

“आबा, उलटी झाली,” संजय त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला.

“तुला उलटी. मला सरळच हाय.”

त्यांनी बोट मारलं. आवाज मातीत पडल्यासारखा आला. आणखी दोनदा मारलं, कान जवळ नेला, मान हलवली. दोरीच्या कड्या एकेक करून चाचपल्या.

“दोरी मेलीय. ती आवळली पायजे. शाई नवी भरली पायजे,” ते संजयला म्हणाले. “नुसती भितीवर चिकटवायची आसंल तर हिनं फोटो काडलाय, तेवढा बास. वाजवायची आसंल तर नीट करून आन.”

“कुठं करून देतात?”

“तळेगावात एक जन हाय. म्हंजी हुता. त्याचं पोरगं बसत आसंल.”

“घर सांगा मला.”

“घर सांगून सापडनार न्हाई,” आबा काठी शोधत म्हणाले. “गाडी आनलीय न्हवं? चल.”

संजयनं ढोलकी पुन्हा चादरीत गुंडाळायला घेतली. आबांनी ती तशीच काखेला मारली आणि जिन्याकडे चालू लागले, भिंतीवरच्या चित्राकडे न बघता.